पुठ्ठ्यावरची भोकं

५ ऑक्टोबर, रविवार

तानुबाईला पुरून आलो.

परवा पहाटे ती आमच्या भातातल्या माळ्यावरून खाली उतरली आणि डुकराने तिला मांडीपासून बरगडीपर्यंत फाडलं. ती आणि तिचा नवरा सावळ्या आमची राखण करायचे. डबे बडवायचे, हाळ्या द्यायच्या. डुकरं पळायची. हे पळालं नाही. सरळ आलं.

सावळ्या मातीच्या ढिगापाशी उकिडवा बसला होता. "त्याला तोंडच न्हवतं, ताई." पुन्हा तेच म्हणाला. अशा वेळी माणसाला काहीही दिसतं.

६ ऑक्टोबर

शेखर म्हणतो, गोळे टाकू. माझा धाकटा भाऊ. त्याच्या गाड्या हिंजवडीत कंपन्यांना लागल्यात, शेताकडे तो प्लॉट म्हणूनच बघतो. गोळा म्हणजे कणकेत बंदुकीची दारू. डुक्कर चावतं, गोळा फुटतो. "तोंडात वाजला की इषय संपला! तू कॉलेजात कविता शिकीव. डुकराचं मी बघतो."

आमच्या वाघ्याने असाच कुणाचा तरी गोळा खाल्ला होता. जबडा कातड्याला लोंबत घरी आला. शेपूट हलवत. आमच्या वडिलांनी, आबांनी, ठासणीची बंदूक काढली. पहिली गोळी पायाला लागली. ठासणीची — पुन्हा दारू ओता, गोळी ठासा, ठिणगीची टोपी लावा. तेवढा वेळ कुत्रा आबांकडे बघत होता. दुसरी पोटात. पुन्हा ठासा.

शेखरला म्हणाले, मारायचं तर एका गोळीत. गोळे नकोत.

"बरं बाई," म्हणाला. फार लवकर म्हणाला.

८ ऑक्टोबर

बंदूक खुंटीवरून काढली. जुन्या इंग्रजी रायफलीची नक्कल, नळीत आतून पीळ. आबा अर्धांगाने पडले तेव्हा पिकाच्या राखणीचा परवाना माझ्या नावावर झाला. दारूही माझ्याच नावावर मिळते. डुकरासाठी वनखात्याचं परवानगीचं पत्र आज आलं.

खाटेवरून आबांनी डाव्या हाताने खूण केली. आधी नळीत गज सोडून बघ. अशा बंदुकीत आधीची गोळी राहून जाते, लोक वरून दुसरी ठासतात, मग नळी फाटून चेहऱ्यावर येते. सोडला. तळाला खणकन वाजला. रिकामी.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात पुठ्ठा लावला. पन्नास पावलं. पाच बार. पुठ्ठ्याला एकही भोक नाही!

९ ऑक्टोबर

खांदा काळानिळा. फळ्यावर लिहिताना हात उचलेना. "मॅडम, पडलात का?" हो म्हणाले.

११ ऑक्टोबर

दारूचं माप थोडं वाढवलं. गोळीभोवती चिंधी गुंडाळून ठासायची असते. बार झाल्यावर ती पुढे गवतात पडते. उचलून बघायची. आज सगळ्या चिंध्या जळून मधोमध फाटलेल्या. म्हणजे गोळी नळीत नीट बसत नाही. कापड पातळ.

सावळ्या वर बांधावर बसून होता. उठून गेला. परत आला तो तानुबाईच्या लुगड्याचा तुकडा घेऊन. जाड, बोटांना खरखरीत. "ह्याच्यातनं मारा."

कात्रीने चौकोन कापले. मेणतेलात बुडवले.

१२ ऑक्टोबर, रविवार

लुगड्याचं कापड बसलं. माप एवढंसं कमी केलं. तीन बार — तीन भोकं, तिन्ही वाटीखाली झाकतील एवढी जवळ! चिंध्या काळ्या, पण सबंध.

पुठ्ठा आबांना दाखवला. तोंडाच्या चालत्या बाजूने हसले. शेखर ओसरीवरून ओरडला, "बंदुकीची पन परीक्षा घेतीस व्हय? किती मार्क?"

तेच माप आबांच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलं. तीन बाटल्या. बुचं घट्ट.

बार झाला की धूर तोंडावर येतो, आणि त्या धुरात काहीतरी मेलेलं असावं असं वाटतं. पूर्वी असं वाटायचं नाही.

१४ ऑक्टोबर

काय बिनसलं?

बाटल्या राखून डब्यातून दारू घेतली. तेच माप, तेच कापड, तीच मी. पहिली गोळी हातभर वर. दुसरी कुठे गेली देव जाणे. तिसऱ्याला बंदुकीने असा दणका दिला की गालाचं कातडं फुटलं. चिंधीचा कोळसा. नळीत नेहमीची काळी ओली मळी नाही, पांढरट राख.

दव धरलं असेल. दारू उन्हात पसरून वाळवली. स्वतःला शिव्या दिल्या.

१५ ऑक्टोबर

दव नाही.

दारू पांढऱ्या कागदावर घेऊन खिडकीशी नेली. चकचकीत काळ्या दाण्यांत राखाडी भुकटी. वास घेतला. दिवाळीचा वास!

शेखर मागच्या पडवीत होता. पुढ्यात फटाक्यांचा खोका, सालं काढलेले सुतळी बॉम्ब, कणकेची परात.

"अगं, थोडीच घेतली तुझी. कमी दिसाया नको म्हणून ही भर टाकली. पयल्यांदा घेतली तवा तुला कळलं बी न्हाई. आता तू चमच्यानं मोजाया लागलीस."

पहिल्यांदा कधी?

"नवरात्रात. माळ्याच्या मागं टाकले व्हते दोन. एक वाजला रात्री. गेलो बघाया, रक्त व्हतं, डुक्कर न्हाई. म्हणलं मेलं आसंल कुटंतरी."

नवरात्रात. त्यानंतर दोनच दिवसांनी तानुबाई.

गज हातात होता. मारला. तोंडावर. खाली पडला, पुन्हा मारला. भुवई उघडली, रक्त परातीतल्या कणकेत पडलं. खाटेवरून आबा नुसता आवाज काढत होते, शब्द नाही. मी थांबले नाही. दमले तेव्हा थांबले.

भिंतीला टेकून बसला, रक्त पुसत म्हणाला, "सांग जा सावळ्याला. सांग पोलिसांस्नी. दारू कुनाच्या परवान्यावरची? माज्या?"

१६ ऑक्टोबर

सावळ्याला डुक्कर सापडलं. ओढ्याच्या वर, करवंदीच्या जाळीत. वासावरून सापडलं.

बाटलीतली दारू ओतली. लुगड्याची चिंधी. गोळी. गज खुणेपर्यंत. टोपी.

पन्नास पावलांहून कमीच असेल. ते उभं होतं, अंग आत गेलेलं, मान खाली. आम्हाला बघून वळलं आणि सरळ निघालं — पळत नव्हतं, येत होतं. कानाच्या पुढे नेम धरला. एक बार. धूर गेला तेव्हा ते गुडघ्यांवर होतं, मग कुशीवर. पाय हलले नाहीत.

इतकी चांगली गोळी मी पुठ्ठ्यावरही मारली नव्हती.

खालचा जबडा नव्हता. वरचे सुळे, आणि खाली नुसती किड्यांची वळवळ. जीभ वाळून दोरीसारखी.

"म्हनलं न्हवतं?" सावळ्या म्हणाला. मग वाकून जबड्याची जागा बघितली. मग, "गोळा कुनी टाकला, ताई?"

माहीत नाही, म्हणाले.

१७ ऑक्टोबर

शेखरच्या भुवईला टाके. जिन्यावरून पडलो, असं सगळ्यांना सांगतो. मला चहा आणून दिला! प्यायले.

२० ऑक्टोबर, पहिली आंघोळ

उटणं लावायच्या आत सावळ्या दारात. लुगड्याच्या उरलेल्या चिंध्या परत मागितल्या. दिल्या.

"शेखरदादा बोलला, गोळा तुमीच टाकलेला. दारू तुमच्याच डब्यातली. व्हय का न्हाई?"

दारू माझीच, म्हणाले. टाकला शेखरने. मला पाच दिवसांपूर्वी कळलं.

"मंग मी इचारलं तवा?"

त्याने चिंध्या कनवटीला खोचल्या.

"डुकराला तोंड न्हवतं, ताई. तुमाला व्हतं."

गेला.

दारूचा डबा पिशवीत घातला आहे. परवानाही. पौडला जाणारी एसटी साडेदहाला आहे. शेखर विचारतोय, सणाच्या दिवशी कुठं चाललीस? पोलीस ठाण्यात, म्हणाले.