टेबलावरच्या दोन रोट्या

त्स्खिनवाल, १२ मार्च १९९२

तीर्थरूप आईस, तुझ्या तापट लेकाचा नमस्कार.

हे पत्र एकटीनेच वाच. मी जिवंत आहे. कुणी काही वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. खोकला बरा आहे का?

आपला मुलूख जॉर्जियापासून सुटावा म्हणून कॉलेज सोडून बंदूक घेतली, तेव्हा तू खूप रडलीस. काल चौकीवरून सुटून झेराकडे गेलो. (हो, तीच, तुला न आवडणारी.) टेबलावर चीज भरलेल्या रोट्या होत्या.

"अरे वा! वाढदिवस कुणाचा?" म्हणत मी मोजल्या. आनंदाला करतात तशा तीन नव्हत्या. मयताला करतात तशा दोनच होत्या.

"कोण गेलं गं?"

झेराने फाडकन थोबाडीत दिली. "मेल्या, तूच! तुझ्यासाठीच केल्यात!" आणि मला घट्ट धरून रडायला लागली.

त्याच सकाळी पुलावर आमचा एकजण मारला गेला. चेहरा ओळखू येईना. कोटाच्या आत माझं नाव होतं, तू शिवलेलं.

आई, माझ्या चौकीवरचा बात्राज पुलावर पहाऱ्याला निघाला, तेव्हा तो कोट मी त्याला दिला होता. तो कुडकुडत होता.

त्याची आईही लढाईमुळे तिकडे व्लादिकावकाझला, तुझ्याच खोलीत आहे. रविवारी ती त्याच्या वाढदिवसाच्या रोट्या करायला बसेल. तिसरी लाटायच्या आत तिचा हात धर.

तुझा,
अखसार