नक्कल केलेला फॉर्म

रिठद,
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय हर्षल भाऊजी,

सुचिता वहिनीचा आशीर्वाद. तुमी फोन उचलत नाही म्हनून पत्र लिहून राह्यली. इकडं सारे बरे आहेत. आत्याबाईचा, तुमच्या आईचा, गुडघा आता दुखत नाही. नर्सरीत कोबीचे ट्रे कालच भरले. आमची पिंकी पहिलीत गेली, काका कधी येतात म्हनून रोज विचारते.

तुमी बनवलेला रोपांचा प्रोग्राम, कोनाचे ट्रे कोनत्या तारखेचे ते सांगनारा, अजून मीच पाह्यते. तुमी शिकवलेलं सोडलं नाही.

जूनमध्ये तो बंद पडला ते तुमाले मालूम आहे. रामकिसनभाऊ मिरचीचं रोप न्यायले येऊन उभे, अन् स्क्रीनवर चाळीस एरर. हरेकात एकच गोष्ट, ही मेथड या फॉर्मात आधीच आहे. मी एक मेथड खोडली तर दुसरीवर लाल रेघ.

तो कसा सुधरला ते सांगते. मिरचीची नोंद भरायच्या फॉर्मची नक्कल करून टमाट्याचा फॉर्म बनवला होता. फाईलीचं नाव बदललं, पन आतल्या कोडमधलं फॉर्मचं नाव जुनंच राह्यलं. कॉम्प्युटरनं दोन्ही फाईली एकाच फॉर्मच्या धरल्या. मंग सेव्ह बटन दाबलं की काय करायचं ती मेथड दोनदा, शोधायची दोनदा. कोडमध्ये अन् फॉर्म कसा दिसावा ते ठेवनाऱ्या डिझायनर फाईलीत नाव बदललं, पाच मिनिटात चालू झाला. तुमी म्हनत होतेच, वहिनी, कॉपी-पेस्ट जपून करत जा.

नक्कल मी केली होती, भाऊजी.

त्या दिवशी रामकिसनभाऊसमोर मले लाज वाटली अन् तोंडातून निघून गेलं, "भाऊजीनं जाताना काही बदललं असन." तुमी पुण्याले गेले म्हनून मामाजी आधीच रागात. त्याइनं तिथूनच फोन लावला. "जायाचं होतं तर जा, पन चालतं काम कायले बिघडवून गेला?" तुमी तिकडून "बाबा, मी हातबी नाही लावला" म्हनत होते, ते मले ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी चूक सापडली. मी फक्त म्हटलं, चालू झाला. काहून खरं नाही सांगतलं? भेव वाटलं. मले कॉम्प्युटर येते म्हनून या घरात मान आहे, तो जाईन असं वाटलं.

पोळ्याले तुमी आले नाही. दरसाल तुमी धरता तो बैल मामाजीनं तुमच्या दादाच्याबी हाती देला नाही. दोन्ही कासरे सवताच धरून उभे राह्यले. तवापासून मले जेवन गोड लागत नाही.

माफी मांगायचं तोंड नाही, तरी मांगते. आज सांजच्याले हे पत्र मामाजीले पूरं वाचून दाखवनार, मंगच पाकीट चिकटवनार. तुमच्या हाती पडलं तर समजा, त्याइनं सारं माझ्या तोंडून ऐकलं. दिवाळीले त्याइचा फोन आला तर उचला.

तुमच्यावर खोटं ढकलनारी
तुमची वहिनी,
सुचिता