तुमच्या नावाचं खातं आधीच आहे

११ फेब्रुवारी

पुन्हा नाकारलं. या वेळचं कारण – फोटो अस्पष्ट. अरे, पासपोर्टवरचा फोटोच तसा आहे! सरकारने काढलेला फोटो मी कुठून स्पष्ट करू?

काम काय, तर चित्रातल्या गाड्यांभोवती, माणसांभोवती चौकटी काढायच्या. घरबसल्या, संगणकावर. त्या कंपनीची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले. आता आपण आपणच आहोत हे पटवायचं, तिथे घोडं अडलंय.

सासूबाई चहा ओतताना म्हणाल्या, "यंत्रालासुद्धा तुझं तोंड पसंत पडेना, बुरूल. मॉस्कोत फरशी पुसणाऱ्या बाईचं तोंड कुणी बघत नाही."

१३ फेब्रुवारी

नवऱ्याचा, एर्मेकचा मॉस्कोहून फोन. एकवीस मार्चच्या नूरुझ सणानंतरचं माझं तिकीट काढतो म्हणाला. त्याच्या दुकानात सफाईला बाई हवी आहे.

"आणि सेझिम?"

"आई सांभाळेल. आपल्या कोचकोर गावातली निम्मी पोरं आजीकडेच वाढतायत."

वाढतायत खरी. शेजारच्या जीपारचा मुलगा आईला 'फोनमधली बाई' म्हणतो. सेझिम चार वर्षांची आहे. अजून माझ्या वेणीचं टोक हातात धरून झोपते.

"मला इथेच काम मिळालं तर?"

"मिळालं तर राहा की. मला काय हौस आहे तुला ओढून आणायची?"

म्हणजे नूरुझपर्यंत.

१६ फेब्रुवारी

वीज नाही. फोन बंद. संगणक बंद. अर्ज बंद.

१९ फेब्रुवारी

बाजारातल्या फोटोवाल्याकडून पासपोर्टची चांगली प्रत काढून पाठवली. आता नवंच उत्तर – तुमच्या नावाचं खातं आधीच आहे.

माझ्या नावाचं? कुठलं? कुणी काढलं?

गुलझात कणकेचे बोरसोक तळत होती. तिला वाचून दाखवलं. वर न बघताच म्हणाली, "यंत्रं चुकतात, वहिनी. नाद सोड त्याचा."

सोड म्हणे. आज तिचा राग आला. एरवी या घरात माझ्या बाजूने बोलणारी ही नणंद तेवढीच.

२० फेब्रुवारी

त्यांना लिहिलं. लगेच उत्तर – आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नुसतं 'तिकडे कुणी माणूस आहे का?' एवढंच लिहिलं. आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.

२४ फेब्रुवारी

नळ गोठलाय. पाणी कोपऱ्यावरून आणलं. दारात पोचते तोच सासूबाईंनी विचारलं, "मोठी बॅग कुठे ठेवली आहेस?" मी बादली आदळली. निम्मं पाणी सांडलं.

तशीच संगणकाशी जाऊन बसले आणि तक्रार ठोकली – माझं नाव चोरलंय. चोराला शोधा, ते खातं बंद करा.

पाठवल्यावर जरा गार वाटलं.

१ मार्च

त्यांनी मागितलं – तक्रार तुमचीच असल्याची खात्री द्या. कॅमेऱ्यासमोर बसा. मान डावीकडे वळवा. उजवीकडे. डोळे मिटा. उघडा.

डोळे उघडले आणि तशीच बसून राहिले. हे मी आधी केलंय.

शरदात, बटाटे काढताना. माझे हात चिखलाने भरलेले. समोर फोन धरून गुलझात – "नवीन सिम तुझ्या नावावर घेतेय, वहिनी, मी वयात बसत नाही. जरा मान वळव." मी हसतसुद्धा होते.

तशीच उठले. गुलझात गोठ्यात होती, मेंढ्यांना चारा टाकत. "ते सिमसाठी नव्हतं ना?" मी दारातूनच विचारलं. तिने गवताची पेंढी खाली ठेवली.

"अठरा पूर्ण लागतात. मी सतराची होते."

रोज सांजेला भरतकामाला म्हणून मावशीकडे जाते, ते भरतकाम नव्हतंच तर; तिथे बसून माझ्या नावाने चौकटी काढत होती. तिला बिश्केकला नर्सिंग शिकायचंय. सासूबाई वसंतात उजवून टाकणार आहेत, त्याआधी पळायचं होतं.

"मी रोज त्या यंत्रापुढे डोकं फोडतेय, आणि तू बघत राहिलीस?"

"रोज सांगणार होते. तुझं मॉस्कोला जायचं ठरलं तर सांगणारच होते." मग म्हणाली, "आपण दोघी मिळून करू ना. दिवसा तू, सांजेला मी. खातं तुझ्याच नावाचं आहे."

तेव्हा मी तिला तक्रारीचं सांगितलं.

२ मार्च

दोघींनी बसून तक्रार मागे घेतली. गुलझात म्हणत होती, "खरं लिहू नकोस. नुसतं चूक झाली म्हण." मी ऐकलं नाही. खोटं लिहिलं आणि ते पकडलं तर? मी लिहिलं – चोरी नाही, घरातलीच मुलगी आहे, माझी नणंद.

६ मार्च

उत्तर आलेलं नाही, खातं चालू आहे. गुलझातने शिकवलं. कुठल्यातरी उन्हातल्या शहराचा रस्ता. माणसं अर्ध्या बाह्यांत. मी चौकटी काढतेय, सेझिम मांडीवर – "आई, ती गाडी राहिली. ती बघ, झाडामागे." खरंच राहिली होती. तिघी हसलो.

एवढंच हवं होतं मला.

९ मार्च

बंद केलं. एकीचं खातं दुसरीने वापरलं, म्हणून कायमचं. गुलझातची शेवटची कमाईही अडकवली. दोघींनाही पुन्हा अर्ज करता येणार नाही. ही माहिती आपण स्वतः दिल्याबद्दल धन्यवाद, असंही लिहिलंय.

गुलझातने वाचलं आणि भांडी घासायला गेली.

१५ मार्च

सासूबाईंनी माळ्यावरून बॅग काढली. सेझिम तिच्यात बसून खेळत होती.

१८ मार्च

एर्मेकने तिकिटाचा फोटो पाठवला. त्यावर नाव गुलझातचं. अठरावं जानेवारीतच पूर्ण झालंय, माझ्याऐवजी मी येते म्हणून भावाला तिनेच फोन केला.

मी काही बोलायच्या आत म्हणाली, "कुणीतरी एकीने जायचंच आहे ना, वहिनी? माझी वेणी धरून कुणी झोपत नाही."