समीक्षाच्या गाडीला गाऱ्हाणं

मुलुंड

चि. मथुरास तुझ्या आक्काचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. गुडघे दुखतात तेवढेच, तू काळजी करू नको. तुझा खोकला कसा आहे? काढा घेतेस ना?

अगो, आमच्या समीक्षाने खाली गॅरेजात स्वतः गाडी बनवली! शर्यतीत असते तसली, बुटकी, लाल. सुटे भाग खोक्यांतून आले, त्याला किट म्हणतात. मला वाटलं कीड लागली. गेल्या दिवाळीपासून नात जोडत होती, पण गाडी काही चालू होईना. तिचा बाप, आपला सुबोध, म्हणाला, "रविवारी चालू नाही झाली तर भंगारात." पोर जेवेना गो.

मग रविवारी मीच नारळ घेऊन उभी राहिले. बाईने गाऱ्हाणं घालू नये म्हणतात, पण मुलुंडात गाऱ्हाणं घालायला गावकर कुठून आणू? आणि मला येतं ते गाईचंच, दूध आटलं की घालतात ते. बोलून गेले, "बा देवा म्हाराजा, हिका कोणाची नजर लागली असात तर दूर कर, आणि दुधाक बरकत दी रे म्हाराजा!"

सोसायटीची पोरं हसत ओरडली, "व्हय म्हाराजा!"

समीक्षाने चावी फिरवली आणि गाडी अशी गुरगुरली की माझ्या हातातला नारळ पडूनच फुटला!

मी बसायला गेले तर सुबोध म्हणतो, "आई, बाजूला सर, आधी मी." रस्त्याचा परवाना अजून नाही, म्हणून आवारातच गोल गोल फिरत होता. समीक्षाने विचारलं, "पप्पा, भंगारवाल्याला बोलावू?"

"गप गो," म्हणाला, "अजून एक फेरी."

तुझ्या गोठ्यातल्या वासराच्या पाठीवर माझ्या नावाने हात फिरव.

तुझी आक्का,
नलिनी