ताईला जास्तीची गोळी

ती. आईस लोकेशचा जयभीम.

फुलचूरच्या मनोरुग्ण निवासात ताईला भेटलो. जागा स्वच्छ आहे, जेवण गरम मिळते. तू घाबरू नको.

फक्त काल भरदुपारी ताई झोपूनच होती. हाक मारली तर नुसतं पाहिलं. तिथल्या बाईंना विचारलं, "इतकी काऊन झोपून राहिली?"

"लय फिरते, म्हणून एक गोळी जास्त देतो."

"डॉक्टरनं सांगितलं का?"

त्या दुसऱ्या खाटेकडे वळल्या. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जास्तीची गोळी बंद करायला लावली.

आज ताई माझ्या हातून भात जेवली अन् म्हणाली, "आई काऊन नाही आली?"

तुझे गुडघे कसे आहेत? जमलं तर सोमवारी ये. मी निघून गेल्यावर पुन्हा गोळी देतील, असं वाटून राहिलं. तू येईपर्यंत इथून हलत नाही.

तुझा लोकेश