वकीलसाहेबांच्या वडाची पारंबी

राजापेठ, अमरावती
ज्येष्ठ वद्य पंचमी, २००६

तीर्थरूप देवरावमामांच्या चरणी सोहमचा दोन्ही हातांनी नमस्कार. (मागच्या पत्रातला एकाच हाताचा होता, असं तुम्ही आईजवळ बोललात म्हणे. दुसऱ्या हातात तेव्हा झारी होती.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची साखर उतरली का? आणि तुमच्या अचलपूरच्या न्हाणीच्या भिंतीत उगवलेला तो पिंपळ अजून आहे का? पिंपळ उपटायला गावात कोणी धजत नाही, सगळ्यांना पाप लागते, तेव्हा पापाला न भिणारा भाचा लवकर पाठवा, असं तुम्ही आईला कळवलं होतं. येतो. पण आधी इथं माझ्या हातून काय पाप झालं ते ऐका.

कॉलेज सोडून पोट्टा करून काय राहिला, ही तुमची नेहमीची चौकशी. तर पोट्टा झाडं शिकून राहिला. परीक्षेच्या तोंडावर सरांशी कडाकडा भांडून मी अकोल्याहून निघून आलो, तेव्हा शेतीचं राहिलेलं शिक्षण आता हेमचंद्र वकिलांच्या गच्चीवर चालू आहे. आमच्या मागचंच घर. गच्चीवर वड, उंबर, चिंच, बोगनवेल सगळं आहे, आणि त्यातलं सगळ्यात उंच झाड माझ्या गुडघ्याला लागतं. याला बोन्साय म्हणतात. आधी मला वाटे, झाडाला उपाशी ठेवून ठेंगणं करत असतील. तसं नाही मामा! मुळं छाटली की ताजी माती देतात, फांदीवर तांब्याची तार गुंडाळून तिला हळूहळू वळण लावतात, आणि तार सालीत रुतायच्या आत कापून काढतात. वळवणं कोणालाही जमेल. कधी सोडायचं ते कळणं, ही खरी विद्या. (ती मला अजून आलेली नाही, हे पुढे दिसेलच.)

वकीलसाहेबांचं काय सांगू! दिवसभर त्यांच्या ओट्यावर माणसं बसलेली असतात: बियाणं पेरलं, उगवलंच नाही. त्यांच्या केसेस लढून हा माणूस संध्याकाळी घरी येतो तो तापल्या तव्यासारखा. मग वर येतो, वडासमोर स्टूल ओढतो आणि अर्ध्या तासात एक पान कापतो. एक! तेवढ्या वेळात मी दोघांची गचांडी धरली असती. शेजारचे किसनराव एकदा खालून ओरडले, “वावरं वाळून राहिले, अन् वकील झाडाले चमच्यानं पाणी पाजते!” मी बाह्या सरसावल्या. वकीलसाहेबांनी मला खाली बसवलं आणि म्हणाले, “खरं आहे किसनराव. पाऊस काही माझ्या हातात नाही. हे एवढं हातात आहे, ते तरी मरू देऊ नये म्हणतो.” किसनराव घरात गेले, आणि दुसऱ्या दिवशी कुजलेल्या शेणखताचं टोपलं घेऊन आले. भांडण असं जिंकता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

(आता लपवत नाही. पहिल्या दिवशी मी झाडांसाठी चढलोच नव्हतो. गच्चीवर त्यांची मुलगी मैथिली उभी होती.)

तर वटपौर्णिमेला वकीलसाहेब सुनावणीसाठी नागपूरला गेले. जाताना एवढंच म्हणाले, “मातीत बोट घालून बघ, मग पाणी दे. बाकी झाडाला हात नाही, नुसती नजर.” आणि सकाळीच गोदावरीकाकू गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका घेऊन दारात! गल्लीच्या तोंडावरचा वड रस्ता रुंद करताना गेला, पुजायचं कोणाला? कोणीतरी सांगितलं, वकिलाच्या गच्चीवर वड आहे. मैथिली म्हणाली, बाबांना विचारल्याशिवाय नको. मी म्हणालो, सात जन्मांचा प्रश्न आहे, येऊ दे. (मैथिलीकडे बघून म्हणालो. तिनं कुंडीकडे बघितलं.)

बायका वर आल्या आणि वड बघायला खाली वाकल्या. “हा तं माह्या नातवापेक्षा लहान आहे वं,” एकीनं म्हटलं. बरं, टेबल कठड्याला लागून, फेरे घालायला जागा नाही, आणि निम्म्या जणींचे गुडघे तुमच्यासारखेच. मग माझं डोकं चाललं. कुंडी फिरत्या पाटावर असते, झाडाला चारी बाजूंनी ऊन लागावं म्हणून. मी बायकांना ओळीनं खुर्चीवर बसवलं, सुताचं टोक हातात दिलं आणि वडच फिरवला. एकीला सात फेरे, की पुढची. गोदावरीकाकू खूश. “पुढच्या वर्षी बी इथंच येऊ. सावित्रीले काहून सुचलं नसंन हे!”

दुपारी वड दिसेना. सुताचं रीळ दिसत होतं, वर हळदीकुंकू, बुडाशी पाण्याचं तळं. मैथिली म्हणाली, “एकेक धागा सोडव. घाई करू नको.” मी कात्री घेतली. कचकच कापत सुटलो, आणि एक धागा जरा कडक लागला.

तो धागा नव्हता मामा. पारंबी होती. वकीलसाहेबांनी रसवंतीतली रस प्यायची नळी भोवती लावून आठ वर्षांत तिला मातीपर्यंत उतरवली होती, आणि याच उन्हाळ्यात ती टेकली होती. मैथिलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं एवढंच विचारलं, “बाबांना तू सांगशील की मी?” परतवाड्याची बस धरून तुमच्याकडे पळून यावं, असं क्षणभर वाटलं. पण म्हणालो, मी.

वकीलसाहेब आले. मी सगळं सांगितलं, फिरत्या पाटासकट. त्यांनी स्टूल ओढलं आणि पारंबीचं कापलेलं टोक बोटानं चाचपलं. मला वाटलं, आता पान कापतील तसा मला कापतील. पण म्हणाले, “पुन्हा फुटेल. पण टेकायला आणखी आठ वर्षं लागतील. रोज येशील?”

मामा, अशी शिक्षा कोणाला मिळाली असेल? मी रोज जातो. पाणी बोट घालून देतो. भांडण एकही नाही. मामींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जावे.

तुमचा आज्ञाधारक (हल्लीच झालेला) भाचा,
सोहम

ता. क. पत्राचं मूळ कारण राहूनच गेलं. मैथिलीसाठी अकोल्याचं स्थळ तुम्हीच सुचवलंत असं कळलं. मुलगा एवढा गुणी असेल, तर त्याला कुठंही मुलगी मिळेल. पारंबी आठ वर्षं थांबते, मुलीचा बाप थांबत नाही. तेव्हा ते स्थळ परत घ्यावे आणि त्याच तोंडाने वकीलसाहेबांकडे माझं नाव घालावे.

ता. क. २. वरचा ता. क. रद्द समजावा. मैथिलीला तो वाचून दाखवला, तर ती पोट धरून हसली. अकोल्याला तिनं स्वतःच नकार कळवला आहे. “मामांना मध्ये कशाला घालतोस? तुले तोंड नाही का?” मग मी तोंड उघडलं. काय बोललो ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. त्यावर ती म्हणाली, “इथली झाडं बाबांनी जगवली. तू स्वतः एक आणून वर्षभर जगवून दाखव. मग बघू.”

ता. क. ३. मामा, तो पिंपळ कोणालाही उपटू देऊ नका! पाऊस नीट लागला की मी येतो आणि मुळं न तोडता भिंतीतून सोडवतो. तोवर मामींनी त्या बाजूला गरम पाणी ओतू नये. माझा संसार सध्या तुमच्या न्हाणीच्या फटीत आहे.