गायरानाचा ठराव

१२ एप्रिल

प्लास्टिकचे कप! शाश्वत विकासावरील पहिलेच सत्र, आणि चहा प्लास्टिकच्या कपांतून! मी सत्र तिथेच थांबवले.

"मॅडम, आता ह्यो चहा वतून देऊ का पिऊ?" — हा हरिओम. सरपंचांचा पुतण्या, कृषी पदविकाधारक, स्वतःच्या विनोदाला सर्वांत आधी हसणारा. पिऊन टाका, म्हटले. उद्यापासून प्रत्येकाने घरून पेला आणायचा.

एकूण बावीस जण. सगळे अठरा वर्षांपुढचे, याच गावचे मतदार. निवड करतानाच मी ते पाहिले होते. मला टाळ्या वाजवणारा वर्ग नको, ग्रामसभेत हात वर करू शकणारा वर्ग हवा. एक मे रोजी बोरखांबच्या ग्रामसभेपुढे ही मुले आराखडा मांडतील: गावाच्या उत्तरेचे गायरान, त्याला तारेचे कुंपण, आत समतल चर, देशी झाडे, तीन वर्षे चराईबंदी. संस्थेचा निधी तयार आहे, गावाचा ठराव तेवढा हवा. आराखडा अर्थातच माझा. तो मुलांना स्वतःहून सापडेल अशी सत्रांची रचना केली आहे. चांगले अध्यापन म्हणजे दुसरे काय?

राहण्याची खोली बरी. पंखा कुरकुरतो. दुरुस्त करून घ्यायला हवा.

१५ एप्रिल

सामाजिक समावेशनाचे सत्र. फळ्यावर एकच प्रश्न लिहिला — 'गावात निर्णय होतो तेव्हा तिथे कोण नसते?' अपेक्षित उत्तरे आली. बायका. मजूर. म्हातारी माणसे. एकाने "मी" म्हटले — त्याला खाली बसवले.

मग मागून वर्षाराणी उठली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, घनसावंगीला जीपने जाऊन शिकते. उत्तरेच्या मेंढपाळ वस्तीतली या वर्गातली ही एकटीच. वाक्य सुरू केले की ते पूर्ण करणारीही एकटीच!

"मॅडम, आमचे आबा नसतेत. आमच्यातले सगळेच नसतेत. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन जातेत, मिरगाला माघारी येतेत. आमच्या बी घराला कुलूप, मी चुलतीकडं राहते. एक मेला वस्तीवर आम्ही दोघीच, बस."

"मंग फोन लावायचा की!" — हरिओम.

"मेंढरं फोनवर चरतेत का रे?"

वर्ग फुटला. मलाही हसू आले, लपवले.

ती मात्र हसत नव्हती. "गायरानाला कुंपण घातलं तर जूनमधी आमची मेंढरं बसायची कुठं?"

मी सांगितले: चराईबंदी कायमची नाही, गवत वाढले की कापून नेता येईल, चौथ्या वर्षी आजच्यापेक्षा अधिक चारा मिळेल. तिने सगळे ऐकून घेतले आणि खाली बसली. वाद घातला नाही. ते मला आवडले नाही.

१६ एप्रिल

वर्षाराणी गैरहजर.

१७ एप्रिल

आजही. इतर मुली सरकून तिच्या जागेवर बसल्या. एवढ्याशा गोष्टीने माझे शिकवण्यातले लक्ष का उडावे?

१९ एप्रिल

सकाळी वस्तीवर गेले. एकामागून एक घरांना कुलूप. दारांपुढे बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या, जनावर आत शिरू नये म्हणून. वर्षाराणी हौदावर कपडे धूत होती. मला पाहून उठली, पण हात पुसले नाहीत.

"आबांचा फोन आल्ता. कुंपणाचं सांगितलं मी. म्हणले, गायरान गेलं तर आपण बोरखांबला येतच न्हाई. धावड्याला एक शेतकरी घराला जागा देऊन राह्यला, तिकडंच राहू. मंग मी इथं कुणाच्या जिवावर राहू मॅडम? चुलती बी जाईल. कॉलेज बंद."

रडली नाही. एसटीचे वेळापत्रक सांगावे तसे सांगितले.

वर्गात ये आणि हे सगळ्यांसमोर विचार, म्हटले.

"इचारलं की. तुम्ही उत्तर दिलं की."

खोलीवर येऊन माझे उत्तर पुन्हा तपासले. बिनचूक आहे. तरीही जेवण गेले नाही. तीनदा चप्पल घालून बाहेर पडले आणि तीनदा परत आले.

२० एप्रिल

सरपंच पुंजाराम यांच्याकडे. विचारले — गायरानाचा विषय मेंढपाळ कुटुंबे गावात असताना का घेत नाही?

"कसं हाय मॅडम, ते लोक असले की भांडणं. नसले की बराबर शांततेत होतंय. पाण्याची टाकी तशीच झाली, व्यायामशाळा तशीच झाली. आमच्या वडिलांपासून हीच पद्धत हाय." आणि बशीतला चहा फुंकून मला आग्रह — "घ्या, घ्या, गवती चहा टाकलाय."

लपवाछपवी नाही, अपराधाची छटा नाही! घरांना कुलपे लागली की गायरानाचे विषय निघतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि एक मेची तारीख कोणी निवडली? मी. कॉलेजला सुट्टी असते म्हणून, पावसाआधी खड्डे होतात म्हणून. 'तेव्हा तिथे कोण नसते' हा प्रश्न फळ्यावर ज्या अक्षरात लिहिला, त्याच अक्षरात वेळापत्रकही लिहिले होते.

चूक आहे. दुरुस्त होण्याजोगी आहे. मी दुरुस्त करीन.

२२ एप्रिल

आराखडा सुधारला. कुंपणाच्या मधून मेंढरांसाठी वाट सोडली. वीस फूट रुंद, थेट वस्तीपर्यंत. हे उत्तम आहे; खरे तर पहिल्यापेक्षाही उत्तम. उद्या धावड्याला जाऊन वर्षाराणीच्या वडिलांना स्वतः समजावते. गाडी हरिओम चालवेल. वर्षाराणी बरोबर यायला तयार झाली, पण "बघू" एवढेच म्हणाली.

२३ एप्रिल

धावडा. गहू निघालेल्या रानात मेंढरे खतासाठी बसवलेली. भोवती जाळी, डालग्यांखाली कोकरे, बाजूला कुत्रे. इंद्रभान — वर्षाराणीचे वडील, तिचे आबा — सुतळी वळत होते. उठले नाहीत.

"या मॅडम. कुठवर आलं तुमचं कुंपण?"

मी नकाशा उलगडला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी चारही कोपऱ्यांवर ढेकळे ठेवली. माझ्या नकाशावर ढेकळे! वाट दाखवली. रुंदी सांगितली. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले.

"तुम्ही आमाला जायला वाट देऊन राह्यल्या. आमी बसायला जागा इचारून राह्यलो."

गायरान उजाड झाले आहे, हे तुम्हालाही दिसत असेलच, मी म्हटले. आवाज थोडा चढला असावा.

"दिसतंय की. निम्मं टाकीनं खाल्लं, निम्मं व्यायामशाळेनं. उरल्यासुरल्यात समदी मेंढरं उभी. उजाड न्हाई तर काय बाग हुईल?"

मग हेच एक मेच्या सभेत येऊन बोला, म्हटले. तुमच्या वस्तीतले सगळे या.

"अन् मेंढरं कोण राखंल? तुमी?"

चुलीपासून त्यांची पत्नी जयवंताबाई ओरडल्या, "राखतील की! साडी अशी झ्याक हाय, मेंढरं लांबूनच म्हागं येतील."

वर्षाराणी तोंड फिरवून हसली. मी नकाशा गुंडाळू लागले. तेवढ्यात हरिओम — जो येताना सगळा रस्ता गाणी लावून माझे डोके उठवत होता — म्हणाला, "मामा, आम्ही राखतो. चौघं येतो. दोन दिवस."

इंद्रभानच्या हातातली सुतळी वळायची थांबली.

"तुझा चुलता सोडंल का?" इंद्रभाननी विचारले.

"त्याला कशाला इचारायचं?"

"सरपंचाच्या घरचं पोरगं मेंढराम्हागं!" जयवंताबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "येऊ द्या. आमचे म्हातारे संपतबाबा हितंच ऱ्हातील, ध्यान ठेवायला. पण पोरा, कुत्र्याला आधी भाकर घाल, न्हाई तर ते तुलाच राखील. अन् आयका, सभेला म्या बी जाणार. माझं बी मत हाय."

हे कोणत्याही सत्रात नव्हते. मी सुचवले नव्हते. परतीच्या रस्त्यात हरिओमने पुन्हा तीच गाणी लावली. या वेळी मी आवाज कमी करायला सांगितला नाही.

२७ एप्रिल

वर्षाराणी वर्गात परतली. भाषण बसवून घेतले. मी लिहून दिलेल्या मजकुरातली निम्मी वाक्ये तिने खोडली. "मॅडम, असं मी बोलत न्हाई." वाक्ये चांगली होती. जाऊ दिले.

निधी देणारे पाहुणे एक मेला येणार, असे कळले. मंडप, पाणी, खुर्च्या. सगळे मीच पाहते आहे. इथे कोणाला सरळ रेषेत खुर्ची मांडता येत नाही!

३० एप्रिल

हरिओम आणि तिघे धावड्याला पोचले. दुपारी फोन — "मॅडम, कुत्रं लई शिकलेलं हाय. आमच्यावर बिलकुल भरवसा न्हाई त्याचा!" संध्याकाळी पुन्हा — मेंढरे कोणाच्या तरी मेथीत शिरली. त्या माणसाने चौघांना रांगेत उभे करून शिव्या घातल्या. "संपतबाबा हसत बसले, मॅडम. सोडवायला बी आले न्हाई!"

मी कार्यकर्त्याला करावा तसा उपदेश केला. फोन ठेवल्यावर एकटीच हसले.

उद्या.

१ मे

ते आले. वेळेच्या आधी. धुतलेले पटके, इस्त्रीची लुगडी, इंद्रभान, जयवंताबाई, वस्तीतली झाडून सगळी घरे. पुढच्या सतरंजीवर ओळीने बसले. झेंडावंदन झाले. पाहुणे खुर्च्यांवर. वर्षाराणी भाषणाची वाक्ये ओठांत घोळवत होती.

आणि गाव आलेच नाही.

अर्धा तास. पाऊण तास. मी स्वतः गल्लीतून फिरले. दारादारांत माणसे बसलेली! "लग्नाला निघालोत." "ऊन लई हाय." "तुम्ही घ्या की सभा, आमचं कुठं काय!" माझ्याकडे पाहून हसत होती. ग्रामसेवकांनी डोकी मोजली, कोरम भरत नाही म्हणाले, सभा तहकूब. पुढची आठ मेला, याच विषयांवर.

इंद्रभान उठले. "आठला आमाला येणं हुत न्हाई, मॅडम. त्यांना ठावं हाय ते." जयवंताबाई आज एकही शब्द टोचून बोलल्या नाहीत. ते अधिक लागले.

मांडवातून निघताना सरपंच माझ्याजवळ वाकून कुजबुजले, "काळजी करू नका. तहकूब सभेला कोरम लागत न्हाई. पाच माणसांत बी ठराव होतोय. तुमचं काम झालंच समजा!"

माझे काम! त्यांना वाटले, मी खूश होईन.

२ मे

पाहुण्यांचा निरोप — ठरावाची प्रत मिळताच पहिला हप्ता सोडतो. म्हणजे माझा आराखडा, मी आखला तसा, एका शब्दाचाही बदल न होता मंजूर होणार. इतकी वर्षे याच क्षणासाठी शिकले, शिकवले.

खोलीतल्या खोलीत फिरते आहे. पुस्तक उघडले, मिटले. भात करपला.

४ मे

सरपंचांकडे पुन्हा गेले. विषय पंधरा ऑगस्टच्या सभेत घ्या, म्हटले. तेव्हा सगळे गावात असतील.

"आता अवघड हाय मॅडम. तुम्हीच तर जल्दी करा म्हणत होत्या."

खरे आहे. मीच म्हणत होते.

वर्गाला हे सांगितले. वाटले होते, चिडतील. नुसते एकमेकांकडे पाहत राहिले. मग तृप्ती, जी कधी तोंड उघडत नाही, म्हणाली, "मॅडम, आठपर्यंत क्लास नको. सुट्टी द्या." सुट्टी! वर्षाराणी कागदपत्रे गोळा करून घेऊन गेली. तिला विचारले — धावड्याचे काय ठरले?

"आठनंतर ठरंल म्हणले आबा."

६ मे

शाळेच्या मागच्या चिंचेखाली सगळे जमलेले दिसले. मी जवळ जाताच गप्प. हरिओमची मान उन्हाने काळी पडली आहे.

"काय चालले आहे?"

"अभ्यास करून राह्यलो, मॅडम."

इतके वाईट खोटे बोलणारा मुलगा मी पाहिला नाही. मुकाट्याने परत आले. मागे हशा पिकला. माझ्यावर की आणखी कशावर? एकोणीस वर्षे वर्ग हाताळले. माझ्याशिवाय चालणारा वर्ग हाताळायचा कसा, ते ठाऊक नाही.

८ मे

सभा झाली. सरपंच धरून मोठी माणसे सहा. बाकी बोलावण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. मग आमचे बावीस आत आले आणि सतरंजीवर बसले. कोरम लागत नव्हताच. वर्षाराणीने ठराव मांडला: गायरानाला कुंपण नाही, आणि यापुढे गायरानाचा कोणताही विषय फक्त पंधरा ऑगस्टच्या सभेत. चुलत्याच्या डोळ्यांत पाहून हरिओमने अनुमोदन दिले. माझा आराखडा सहा विरुद्ध बावीस मतांनी पडला. मी इथली मतदार नाही; दाराशी उभी होते. बाहेर आले तर पायरीवर वर्षाराणी फोनवर ओरडत होती — "आबा, त्या धावडेवाल्याला न्हाई म्हणून सांगा. आपल्या घराचं कुलूप मी आजच काढते!"